मागच्या घराचा उजेड

माझे गाव होटगी. सोलापूरहून निघालेली आगगाडी थोड्याच वेळात होटगी जंक्शनावर येते. तेथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे, म्हणजे आपल्या जुन्या विजापूरकडे. फलाटावर उभे राहिले की मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानांवर पडतात. गावाभोवती काळ्या मातीची सपाट राने पसरलेली आहेत. ज्वारी पोटऱ्यात आली म्हणजे नजर पोहोचेल तेथवर एकच हिरवा पट्टा दिसतो. आम्हां मुलांच्या लेखी सर्वांत उंच जागा म्हणजे स्थानकावरचा पूल! डोंगर आम्हांला ठाऊक होता तो भूगोलाच्या पुस्तकातला.

अशा सपाटीवर वाढलेल्या मला नोकरीच्या निमित्ताने दक्षिण कोरियातील बुसान या शहरी येऊन राहण्याचा योग आला. बुसान हे त्या देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि सर्वांत मोठे बंदर आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, आणि या दोहोंच्या चिंचोळ्या बेचक्यात दाटीवाटीने बसलेली वस्ती. माझ्याबरोबर माझी पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी होती. माझे वडील मात्र होटगीलाच राहिले. त्यांच्याशी दूरध्वनीवर वरचेवर बोलणे होई. परंतु सारा जन्म रेल्वेच्या नोकरीत घालवलेल्या त्या वृद्ध माणसाला पत्राचीच गोडी अधिक.

एके दिवशी त्यांचे नातीला पत्र आले. त्यात लिहिले होते, “समुद्र, डोंगर आणि आकाशाला भिडलेल्या इमारती यांची छायाचित्रे पुष्कळ पाहिली. आता तिकडची साधी माणसे कशी राहतात, ते पाहून कळव. इकडे आपल्या घराला लागून पूर्वेच्या मोकळ्या जागेत एक खोली बांधावी म्हणतो. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्यामुळे झाकली जाईल, म्हणून ते रुसले आहेत. दोन महिने बोलणे बंद आहे. पण जागा आपली आहे, मग दुसऱ्याने हरकत घेण्याचे कारण काय?”

पत्र वाचून मुलगी म्हणाली, “बाबा, येत्या रविवारी आपण गामचॉनला जाऊ या. आजोबांना तेथील वर्णन लिहून पाठवीन.”

रविवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. भुयारी रेल्वेने तोसंग स्थानकापर्यंत गेलो आणि तेथून एका लहानशा बसमध्ये बसलो. बस डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत चढू लागली. रस्ता इतका उभा होता, की समोरची दांडी घट्ट धरून बसावे लागले. शेवटी एका वळणावर आम्ही उतरलो, चार पावले पुढे गेलो आणि तिघेही जागच्या जागी उभे राहिलो.

समोर डोंगराचा प्रचंड अर्धगोल होता आणि त्याच्या उतारावर हजारो लहान लहान घरे एकावर एक रचल्यासारखी बसली होती. कोणते फिकट निळे, कोणते गुलाबी, कोणते पोपटी, कोणते हळदीच्या रंगाचे! पुष्कळ छपरांवर पाण्याच्या निळ्या टाक्या होत्या. खाली, दोन डोंगरांच्या मधल्या फटीतून, गामचॉन बंदराचे पाणी चमकत होते. एखाद्या लहान मुलाने रंगीत ठोकळे डोंगरावर ओळीने मांडावेत आणि जेवायला हाक आली म्हणून तसेच टाकून जावे, तसे ते दृश्य दिसत होते.

“बाबा, हे आपल्या घाटकोपरच्या असल्फ्यासारखे आहे!” मुलगी म्हणाली. तिची आठवण बरोबर होती. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर धावणाऱ्या मेट्रोतून जाताना असल्फा येथील टेकडीवरची वस्ती दिसते. २०१७-१८ च्या सुमारास ‘चल रंग दे’ या उपक्रमातील स्वयंसेवकांनी आणि तेथील रहिवाशांनी मिळून त्या वस्तीच्या भिंती रंगवल्या. ज्या टेकडीकडे पाहून पूर्वी प्रवासी मान फिरवत, तिच्याकडे ते आता कौतुकाने पाहू लागले.

“पण इतक्या उभ्या चढावर लोक राहायला का आले असतील?” तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मोठे करुण आहे.

२५ जून १९५० या दिवशी कोरियात युद्ध पेटले. एकाच भाषेचे, एकाच रक्ताचे लोक उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजूंना उभे राहिले. हां हां म्हणता देशाचा बहुतेक भाग रणभूमी झाला. बुसान हे दक्षिणेच्या टोकाचे शहर मात्र शत्रूच्या हाती पडले नाही. युद्धाच्या काळात ते दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी बनले. घरदार मागे टाकून आलेले निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे तेथे थडकले. सपाट जमीन संपली, तेव्हा माणसे डोंगरांवर चढली. मिळेल तेथे, मिळेल त्याची घरे उभी राहिली. गामचॉनच्या शेजारीच आमी नावाची वस्ती आहे. तेथे जपानी अमदानीतील एक स्मशानभूमी होती. निर्वासितांनी तेथील थडग्यांचे दगड पायऱ्यांना आणि पायाला वापरून त्यांवर आपली घरे उभारली. आजही काही भिंतींच्या बुडाशी ते दगड दिसतात. जिवंत माणसांना निवारा हवा होता. दुसरा दगड मिळत नव्हता.

या युद्धाशी आपल्या देशाचाही संबंध आला होता. नोव्हेंबर १९५० मध्ये भारतीय सेनेचे ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक याच बुसान बंदरात उतरले आणि त्याने जखमींची शुश्रूषा केली. २७ जुलै १९५३ रोजी युद्ध थांबले. त्यानंतर मायदेशी परतू न इच्छिणाऱ्या युद्धकैद्यांचे रक्षण करण्यासाठी भारताने जे सैन्य कोरियात पाठवले, त्याचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी सेनानीकडे होते.

युद्ध थांबले, पण निर्वासितांपैकी पुष्कळांना परत जाण्यासारखे घर उरले नव्हते. १९५५ च्या सुमारास थेगुक्दो नावाच्या एका पंथाचे सुमारे ४००० अनुयायी गामचॉनच्या या उतारावर येऊन राहिले. फळ्या, पत्रे, मिळतील ते तुकडे जोडून त्यांनी झोपड्या बांधल्या. आज आपल्याला दिसणारा हा रंगीबेरंगी देखावा त्या झोपड्यांतून वाढला आहे.

एका दुकानात नकाशा घेऊन आम्ही गल्ल्यांमध्ये शिरलो. गल्ल्या कसल्या, घळीच त्या! समोरून माणूस आला तर एकाने भिंतीशी अंग चोरून उभे राहावे. पण गंमत अशी, की वाट चुकली तरी भय नव्हते. येथील गल्ल्या कोठे ना कोठे दुसऱ्या गल्लीला मिळतातच. भिंतीवर लाकडी मासे बसवलेले होते आणि त्यांच्या तोंडाच्या दिशेने गेले की पुढची वाट सापडत होती. एका छपराच्या कडेवर माणसांची तोंडे असलेले पक्षी बसले होते. एका कठड्यावर ‘छोटा राजकुमार’ आपल्या कोल्ह्याशेजारी पाठमोरा बसून वस्तीकडे टक लावून पाहत होता. हा राजकुमार फ्रेंच लेखक सँतेक्झ्युपेरी यांच्या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या कथेतला. दूरच्या लघुग्रहावरून आलेला, परक्या भूमीवर मित्र शोधणारा तो मुलगा निर्वासितांच्या या वस्तीत अगदी घरच्यासारखा वाटत होता.

ही कला येथे कशी आली? पुढे देश सधन झाला आणि तरुण माणसे डोंगर उतरून नव्या इमारतींत राहायला गेली. मागे राहिले वृद्ध आणि कुलुपे लावलेली घरे. ही वस्ती आता ओस पडणार, असे वाटू लागले. तेव्हा २००९ साली शासनाच्या साहाय्याने कलावंत आणि रहिवासी एकत्र आले. त्यांनी या कामाला नाव दिले ‘स्वप्न पाहणारा बुसानचा माचू पिच्चू’. माचू पिच्चू हे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातले डोंगरमाथ्यावरचे प्राचीन नगर. दुसऱ्याच वर्षी गल्ल्यांचे काम हाती घेण्यात आले. जुनी घरे पाडून नव्या इमारती उभारण्याऐवजी ओस घरांची कलादालने झाली. वापरात नसलेल्या सार्वजनिक स्नानगृहाचे लोकांच्या बैठकीचे ठिकाण झाले. रहिवाशांनी दुकाने आणि उपाहारगृहे चालवायला घेतली.

हे सारे पाहत आम्ही एका अरुंद वळणावर आलो. एका घराचे दार उघडे होते. आत एक म्हातारे गृहस्थ बुटक्या मेजाशी बसून जेवत होते. दारावरची निळी नक्षी सुरेख होती. मुलीने छायाचित्र घेण्यासाठी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. दारालगतच्या भिंतीवर एक पाटी होती : ‘येथे माणसे राहतात. कृपा करून आवाज करू नका.’

“होटगीला आजी जेवायला बसली असताना कोणी परके लोक खिडकीतून चित्रे घेऊ लागले तर?” ती हळूच म्हणाली आणि आम्ही चवड्यांवर चालत पुढे गेलो.

तिला पाटीमागचे सारे दुःख ठाऊक नव्हते. सोल ही दक्षिण कोरियाची राजधानी. तेथे इह्वा नावाच्या टेकडीवर २००६ साली अशाच भिंती आणि पायऱ्या रंगवण्यात आल्या होत्या. एका जिन्यावर फुले होती, दुसऱ्यावर पोहणारे मासे. लोक ती पाहायला एवढ्या झुंडीने येऊ लागले, की रहिवाशांना रात्री झोप मिळेना आणि दिवसा दार उघडे टाकता येईना. अखेर २०१६ साली काही रहिवाशांनी स्वतःच त्या सुंदर पायऱ्यांवर राखाडी रंग फासला. कलावंतांच्या मनाला केवढी वेदना झाली असेल! परंतु ज्याच्या उंबऱ्यावर दिवसभर परकी पावले वाजतात, त्याची वेदनाही खोटी नव्हती. भिंत रंगवताना भिंतीमागच्या माणसाला विसरले, तर रंगही त्याला ओझे होतो.

दुपार टळली तेव्हा आम्ही एका लांब, उभ्या जिन्याच्या तळाशी आलो. त्याच्या १४८ पायऱ्या आहेत आणि त्याचे नाव मोठे काव्यमय आहे : ‘तारे पाहायला जाण्याचा जिना’. पहिल्याच टप्प्यावर पाठीला बाक आलेली एक आजीबाई मुळ्यांनी भरलेली पिशवी खाली ठेवून दम खात उभी होती. कोरियन भाषेत आजीला ‘हाल्मोनी’ म्हणतात. मुलीने पुढे होऊन, त्या देशाच्या रीतीप्रमाणे मान लववून, “हाल्मोनी, मी घेऊ का?” असे विचारले आणि दोन्ही हातांनी पिशवी उचलली. आम्ही सारे हळूहळू चढू लागलो.

“रात्री येथून तारे छान दिसत असतील,” मुलगी म्हणाली. मी ते कोरियन भाषेत सांगताच आजीबाई खुदकन हसल्या.

“रात्री कशाला? भर दुपारी दिसत! मी तुझ्याएवढी होते, तेव्हा खालच्या विहिरीवरून पाणी भरून आणत असे. अर्ध्यावर थांबून मागे वळून पाहिले की भोवळ येई आणि डोळ्यांपुढे तारे चमकत. म्हणून हे नाव.”

मुलीचा चेहरा एकदम उतरला. गामचॉन या नावाचा अर्थ ‘गोड पाण्याचा ओढा’ असा आहे. त्या गोड पाण्याचा प्रत्येक थेंब कोणाच्या तरी डोक्यावरून आणि खांद्यावरून वर गेला होता.

वर पोहोचल्यावर आजीबाईंनी आम्हांला आपल्या ओट्यावर बसवून थंड पाणी दिले. तेथून खालची सारी घरे दिसत होती. मग त्या बोटाने दाखवत म्हणाल्या, “नीट पाहा. माझ्या घरापुढे किती घरे आहेत! पण एकाचेही छप्पर माझ्या दाराच्या आड आलेले नाही. पुढच्या घराने मागच्या घराचा उजेड अडवायचा नाही, अशी आमच्या वस्तीची पहिल्यापासूनची रीत आहे.”

“पण जागा तर प्रत्येकाची आपापली होती ना?” मुलीने विचारले. तिच्या मनात होटगीचे पत्र घोळत होते, हे मी ओळखले.

आजीबाई क्षणभर थांबल्या. “जागा कोणाचीच नव्हती, बाळ. आम्ही सारेच कोठून कोठून आलो होतो. एकमेकांना द्यायला कोणापाशी काही नव्हते. ऊन तेवढे होते. ते अडवले असते, तर मग राहिले काय असते?”

मी पुन्हा त्या उताराकडे पाहिले. सकाळी मला रंग दिसले होते. आता त्या रंगांखालची रचना दिसू लागली. घरांच्या ओळी एखाद्या सभागृहातील आसनांसारख्या पायरीपायरीने चढत गेल्या होत्या. समोरच्याचे डोके कोणाच्या आड येत नव्हते. प्रत्येक दाराला आपला आकाशाचा तुकडा होता, प्रत्येक खिडकीला आपला उन्हाचा कवडसा. चित्रकार येथे आले ते अर्ध्या शतकानंतर. पण या वस्तीचे सर्वांत मोठे चित्र, उपाशीतापाशी माणसांनी, हाती कुंचला नसताना, आधीच रेखून ठेवले होते.

रंगाने गळके छप्पर बंद होत नाही, की चढाच्या पायऱ्या कमी होत नाहीत, हे खरे. गामचॉनमध्येही वृद्धांना अजून तोच जिना चढावा लागतो. परंतु ज्या वस्तीची एके काळी लोकांना लाज वाटे, तिचे नाव ते आता अभिमानाने सांगतात, हेही खरे.

त्या रात्री मुलीने आजोबांना चार पानांचे पत्र लिहिले. माशांचे, पक्ष्यांचे, राजकुमाराचे वर्णन केले. आजीबाईंचे बोलणे शब्दशः उतरवले. एका पानावर घरांच्या चढत्या ओळींचे रंगीत चित्र काढले. खोलीविषयी मात्र तिने एक अक्षरही लिहिले नाही. मी विचारले, तर म्हणाली, “आजोबांना मी काय सांगणार? ते मोठे आहेत.”

तीन आठवड्यांनी होटगीचे उत्तर आले. नेहमीच्या वळणदार अक्षरात आजोबांनी लिहिले होते, “तुझे चित्र ओसरीवर लावले आहे. येणारा-जाणारा पाहतो. खोली आता मागच्या अंगाला बांधतो आहे. थोडी लहान होईल, पण मला एकट्याला कितीशी लागणार? काल शेजारच्या वहिनींनी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी पाठवली. भाकरी घेऊन आलेला त्यांचा नातू चित्रापुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, ‘आजोबा, आपण आपली गल्ली रंगवू या का?’ मी म्हटले, रंगवू. पण आधी प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारून येऊ.”

शब्दार्थ

पोटऱ्यात येणे – कणीस बाहेर पडण्यापूर्वी पिकाचे ताट फुगणे. बेचके – दोन फांद्यांमधील किंवा डोंगरांमधील अरुंद जागा. अमदानी – राजवट. निर्वासित – घरदार सोडून दुसरीकडे आश्रय घेणारा. घळ – डोंगरातील अरुंद वाट. कुंचला – रंग देण्याचे साधन. ओसरी – घराच्या पुढील पडवी.

स्वाध्याय

१. गामचॉनच्या डोंगरावर लोक राहायला का आले?
२. ‘तारे पाहायला जाण्याचा जिना’ हे नाव ऐकून मुलीला प्रथम काय वाटले? आजीबाईंचे बोलणे ऐकल्यावर तिचा चेहरा का उतरला?
३. इह्वा येथील रहिवाशांनी पायऱ्यांवरील चित्रे का पुसली? त्यांचे करणे तुम्हांला योग्य वाटते काय? कारणे द्या.
४. मुलीने पत्रात खोलीविषयी काहीच लिहिले नाही. तरीही आजोबांनी आपला विचार का बदलला?
५. वाक्यांत उपयोग करा : अंग चोरणे, टक लावून पाहणे, दम खाणे, चवड्यांवर चालणे.
६. तुमच्या घराच्या उजेडाची, वाऱ्याची किंवा पाण्याची वाट शेजाऱ्यांच्या अंगणातून येते काय? घरातील वडील माणसांना विचारून दहा ओळी लिहा.